अर्ध्या दिवसाची बोट

अंदमानहून आल्यापासून उमरखेडात जो भेटतो तो आधी हेच विचारतो, "काळ्या पाण्याचं जेल पाह्यलं का साहेब?" पाहिलं. कोठड्या पाहिल्या, लांबच लांब व्हरांडे पाहिले. पण त्यावर लिहिणारे पुष्कळ होऊन गेले आणि मी काही लेखक नाही. मला लिहायचं आहे ते एका सकाळबद्दल. त्या सकाळी आम्ही नवरा-बायकोने फक्त आमच्या दोघांसाठी म्हणून एक बोट घेतली होती, सात ते बारा. कोणाला तिकडे जायचं असेल तर त्यालाही यातून थोडंफार कळेल. बाकीचं मी माझ्यासाठी लिहितो आहे.

मी कापसाचा ग्रेडर. एकतीस वर्षं सरकारी खरेदी केंद्रावर काढली. गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, पोटातला मूठभर कापूस उपसायचा. ओल पाहायची, पत्ती-कचरा पाहायचा, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस किती ते पाहायचं. मग सरकीवरची रुई सोडवून दोन अंगठ्यांत धागा ओढायचा आणि नंबर सांगायचा; एक नंबर म्हणजे सगळ्यात चांगला, भाव त्यावरच. सवय झाली की दोन मिनिटांत होतं. समोरच्या माणसाचं वर्ष त्या दोन मिनिटांवर असतं, हे पहिली काही वर्षं लक्षात राहतं, पुढे विसरायला होतं.

माझी बायको कुसुम जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. प्रवाळबेटं कशी तयार होतात हे तिने फळ्यावर किती वेळा काढलं असेल याचा हिशेब नाही. स्वतः मात्र तिने समुद्र एकदाच पाहिला होता, तोही सहलीच्या पोरींची डोकी मोजता मोजता. आम्ही दोघंही एकाच वर्षी निवृत्त झालो तेव्हा नागपूरची आमची मुलगी म्हणाली, "बाबा, आईले जितं पोवळं दाखवून आणा." तिकिटं तिनेच काढली. बोटही तिनेच ठरवून दिली, कारण पन्नास माणसांच्या बोटीत आई कडेला सरकणार नाही हे तिला ठाऊक होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. कुसुमला एकच भाऊ, वसंता, ढाणकीजवळ शेती करणारा. चार वर्षांपूर्वीचा कापसाचा हंगाम वाईट गेला. भाव पडलेले, व्यापारी कापसाला हात लावेनात, त्यामुळे सगळा माल आमच्या केंद्रावर. गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती आणि माणसं तीन-तीन दिवस गाडीखाली झोपत होती. अशात वरून तोंडी निरोप आला, एक नंबर कोणालाही द्यायचा नाही. कागदावर काही नव्हतं. मी कागद मागितला नाही. दुसऱ्या दिवशी वसंताची गाडी पुढ्यात आली. मी हात घातला आणि तीन नंबर सांगितला.

तो म्हणाला, "भाऊजी, अजून एक डाव हात घाला."

मी म्हटलं, "घातला ना."

त्याने वाद घातला नाही. पावती घेतली आणि गेला, तो आमच्या घरी यायचा बंद झाला. कुसुमने मला विचारलं, वसंताचा कापूस खरंच खराब होता का? मी म्हटलं, ओला होता, कवडीही होती. तिने विश्वास ठेवला. एवढ्यावर थांबती तर बरं होतं. माहेरच्या एका लग्नात चार पाहुण्यांसमोर ती भावाला म्हणाली, "ह्यांचा हात कधी चुकत नाई. तुहाच कापूस तसा असन." त्यानंतर बोलणंच संपलं. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. कुसुमने भाऊ असून चार वर्षं चंद्राला ओवाळलं. मी दर वेळी अंगणात तिच्या शेजारी उभा असायचो आणि माझं तोंड उघडत नसे. मी भित्रा माणूस आहे, हे लिहून ठेवलेलं बरं.

बेटावर

पोर्ट ब्लेअरहून मोठ्या बोटीने आम्ही एका बेटावर गेलो. त्याचं नाव सांगत नाही. पुढे ज्या माणसाची गोष्ट येणार आहे त्याचं पोट त्या बेटावर आहे.

तिथे नारळ आणि सुपारीच्या बागा, घरं बहुतेक बंगाली लोकांची. त्यांचे आईबाप फाळणीनंतर पलीकडच्या बंगालातून उठून इथे वसवले गेले. पुढच्या पिढीची बोली हिंदी, पण रागावली की बंगाली. सुनामीच्या वेळी खारं पाणी शिरलेल्या बागांत सुपारीची झाडं नुसती उभी होती, शेंडे गेलेले. कोणी ती तोडलीही नव्हती. आमच्याकडे वाळलेलं झाड दुसऱ्या दिवशी चुलीपाशी दिसतं.

जेवणाचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ भात आणि मासा. मासा मी खातो, पैनगंगेचा मासा खाऊनच वाढलो, पण मोहरीच्या तेलातला रस्सा नाकातून वर चढतो. तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण होऊन मी चिडचिड करू लागलो. कुसुमने पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला, नुकतीच संक्रांत झाली होती, आणि म्हणाली, "हे खा अन् गोड बोला."

तिला मात्र तिथलं सगळं आवडत होतं. भरती-ओहोटी तर ती खुर्ची टाकून पाहायची. आमच्याकडे कळंबच्या चिंतामणीच्या कुंडात कित्येक वर्षांनी एकदा पाणी चढतं, आणि चढलं की जिल्हा लोटतो. इथे दिवसातून दोनदा चढतं आणि बघायला कोणी नाही, असं ती म्हणाली. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या वाळूत ती चपला हातात घेऊन लांबवर चालत गेली. तिला इतकं हलकं होऊन चालताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला आणि लगेच अपराधीही वाटलं.

जेट्टी, सकाळी सात

आमच्या बोटवाल्याचं नाव निताई. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, डोक्याला गमछा. त्याची बोट म्हणजे लाकडी डोंगी, मागे इंजिन, वर ऊन अडवायला ताडपत्री. मधे एक चौकोनी लाकडी पेटी होती, तिच्या तळाला काच. पेटी पाण्यावर धरून आत तोंड घातलं की खालचं सगळं दिसतं, पोहता येत नसलं तरी चालतं. आम्हाला दोघांनाही पोहता येत नाही. कुसुमने ती पेटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एखाद्या विद्यार्थिनीसारखी मांडीवर घेऊन बसली.

निताईने लाइफ जॅकेटं आणली. बाजारातली नव्हेत, जाड कापडाची, घरी शिवलेली, भगव्या रंगाची. पट्टे नवे, शिवण पक्की. "पहले सेमल था अंदर, सब दब गया था," तो अभिमानाने म्हणाला. "मैंने सब नया भरवाया. पहले से दुगना माल है. हाथ लगाके देखिए, दादा."

मी हात लावला. लावायला नको होता असं त्या क्षणी वाटलं.

सेमल म्हणजे आपली शेवरी, तिचा कापूस कापडावरूनही कळतो. तो निसरडा असतो, बोटाखालून पळतो, दाबून सोडला की पुन्हा फुगतो. तो पाणी धरत नाही, म्हणूनच जुने लोक तो अशा जॅकेटात भरायचे. माझ्या बोटांखाली होता तो पळत नव्हता. त्याच्या गुठळ्या होत होत्या. शिवणीच्या टोकाला एक भोक होतं, तिथून मी चिमूटभर ओढून काढला. आखूड धाग्याचा, पिवळट, पत्तीचे कण असलेला, गादीचा कापूस. साधा कापूस. आणि साधा कापूस पाणी पितो.

 मी स्वतःचे पट्टे बांधले. कुसुमचे तिने स्वतः बांधले. मनात म्हटलं, समुद्र शांत आहे, अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न. म्हटलं, ह्या माणसाला एवढ्या अभिमानावर पाणी टाकून काय मिळणार, आणि कुसुमची सकाळ जाईल ती वेगळी. न बोलण्याची कारणं मला नेहमीच पटकन सापडतात. निताईने दोर सोडला. डोंगी जेट्टीपासून हातभर सरकली.

त्याने कुसुमला विचारलं, "ठीक है ना दीदी? टाइट है?"

कुसुम हसून म्हणाली, "इन्होंने हाथ लगाके देखा है ना. फिर ठीकच रहेंगा."

तेच वाक्य. माझ्या हाताच्या जामिनावर ती पुन्हा बसली होती, या वेळी पाण्यावर.

मी जेट्टीची खुंटी पकडली आणि म्हटलं, "निताईभाई, रुको. ये जाकीट नहीं चलेगा. ये डूबेगा."

पंधरा मिनिटं

निताई आधी हसला, मग चिडला. पंचवीस वर्षं तो त्या पाण्यात होता आणि कोण कुठला चष्मेवाला, ज्याने समुद्र चार दिवसांपूर्वी पाहिला, त्याला सांगत होता. "आप करते क्या हैं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कपास जाँचता था." तो म्हणाला, "हमारा सुपारी का एजेंट भी ऐसा ही है. दो दाना दाँत में काटेगा, बोलेगा माल खराब. आप उसका रिश्तेदार तो नहीं?" 

कुसुम दोघांच्या मधे म्हणाली, "झगडते कायको? पानी में डालके देखो ना."

निताईने एका जॅकेटाला दोर बांधला, पट्ट्यात एक मध्यम दगड अडकवला आणि जेट्टीवरून खाली सोडलं. ते मजेत तरंगलं. निताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थांबा. न धुतलेल्या कापसाला थोडं मेण असतं, तो लगेच पाणी घेत नाही, आधी फसवतो. आम्ही तिघं जेट्टीच्या काठावर पाय सोडून बसलो. कुसुमने तिळगूळ काढला. निताईने एक वडी तोंडात टाकली आणि "ये क्या है" असं विचारलं. कुसुमने त्याला संक्रांत समजावून सांगितली, तीळ खाऊन गोड बोलायचं असतं हेही सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे त्या दिवशी पिठे करतात, तांदळाच्या पिठाची, आत नारळ-गूळ. दोघं पदार्थांवर बोलत होती आणि तिघांची नजर खाली होती.

भगवा रंग आधी गडद झाला. मग एक खांदा खाली गेला. मग दुसरा. पंधरा मिनिटं झाली नसतील, जॅकेट सावकाश, अजिबात घाई न करता, खाली निघून गेलं. नुसता दोर ताणलेला दिसत होता.

निताईने ते वर ओढलं तेव्हा दोन्ही हात लावावे लागले. ओल्या पोत्यासारखं ते जेट्टीवर पडलं आणि त्यातून पाणी वाहत राहिलं. तो उकिडवा बसला.  मग म्हणाला, "मिनती हर मंगलवार यही पहनके उस पार जाती है."

मिनती त्याची बायको. समोरच्या बेटावरच्या दवाखान्यात ती नर्स आहे. पावसाळ्यातही जाते, कारण बाळंतपणं पावसाळा बघून येत नाहीत. हा कापूस भरून घेतल्यापासून दोन पावसाळे झाले होते. "तैरना नहीं आता उसको," तो म्हणाला. "मैं बोला था, इसको पहनो, इसके रहते डर नहीं."

कुसुमने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मोठ्या बहिणीने ठेवावा तसा.

मग त्याने जेट्टीजवळच्या आपल्या खोपटातली सगळी जॅकेटं आणली, मोजून अकरा, आणि माझ्यासमोर टाकली. "देख दीजिए, दादा. सब." मघाची अरेरावी पार उतरली होती. केंद्रावर लोक जसे माझ्या तोंडाकडे पाहायचे तसा तो पाहत होता. ती नजर मला पुन्हा कधी बघावी लागेल असं वाटलं नव्हतं.

मी मांडी घालून बसलो. प्रत्येक जॅकेट मांडीवर घेतलं, पाठ, पोट, दोन्ही खांदे चाचपले, जिथे शंका आली तिथे शिवण उसवून आतलं काढून पाहिलं. दोन मिनिटांत नाही, सावकाश. एकदा पाहून झालं की पुन्हा एकदा पाहिलं. उजवीकडे चांगली, डावीकडे वाईट. निताई श्वास धरून उभा. उजवीकडे चार जमली. चारही जुनी, ठिगळांची, रंग उडालेली. भरवायची राहून गेलेली, म्हणून वाचलेली. ती दिसायला वाईट म्हणून तो गिऱ्हाइकांना देतच नव्हता. त्यांना पाण्यात सोडून तेवढाच वेळ पाहिलं, ती वर राहिली. मिनतीचं डावीकडे गेलं होतं.

यात सव्वा तास गेला. मला वाटलं, आता सहल नको म्हणावं. निताईनेच एक ठिगळाचं जॅकेट स्वतःच्या अंगात घातलं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा असं म्हणाला, आणि दोन आमच्या हातात दिली. चौथं त्याने खोपटात नेऊन उंच खिळ्याला अडकवलं.

काचेची पेटी

समुद्राबद्दल काय लिहू? आम्ही काळ्या मातीची माणसं. पाणी आम्हाला विहिरीत, धरणात आणि घागरीत माहीत. इथे पाणी आधी हिरवं, मग पिवळसर, मग एकदम काचेसारखं झालं आणि तळाची वाळू हाताला लागेल अशी वर आली. किनाऱ्यापासून बऱ्यापैकी लांब, एका वाळूच्या पट्ट्याजवळ निताईने इंजिन बंद केलं. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. त्याने पेटी पाण्यावर धरली आणि कुसुमला म्हणाला, "देखिए दीदी."

तिने चष्मा काढला, तोंड आत घातलं आणि "अगं बाई" म्हणाली. एवढंच. मग कितीतरी वेळ तिची फक्त पाठ दिसत होती. मी विचारलं, काय दिसतं? ती आतूनच सांगू लागली. हरणाच्या शिंगांसारखं आहे, जांभळं. हे गोल, मेंदूसारखं, पुस्तकात होतं तसंच. निळे मासे, करंगळीएवढे, शिंगांत शिरतात. मधे एका जागी सगळं मोडून पडलं होतं, पांढऱ्या काड्यांचा ढीग. निताई म्हणाला, त्या मोठ्या लाटेने. त्या ढिगावर बारीक नवं काही उगवताना तिला दिसलं. ती म्हणाली, "मी पोरींले सांगायची, हे जिते प्राणी आहेत. मलेच खरं वाटत नव्हतं."

मला वाटलं, झालं, आलो त्याचं सार्थक झालं. मी ताडपत्रीच्या सावलीत टेकून बसलो. जेट्टीवर वेळेत बोललो याचं थोडं समाधानही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"अहो," ती पेटीतूनच म्हणाली. आवाज खोलातून आल्यासारखा येत होता.

"हं."

"कापडाच्या आतला कापूस तुमाले वरून हात लावून समजला."

"हो."

"अन् वसंताचा हातात घेऊन नाई समजला?"

तिने मान वर केली नाही. मला माहीत होतं की सांगायला अजूनही पुष्कळ काही आहे. दमलो होतो, तीनशे गाड्या झाल्या होत्या, संध्याकाळचा उजेड होता. तिने यातलं काहीही मान्य केलं असतं. इतकी वर्षं मान्य करायलाच ती बसली होती.

"समजला होता," मी म्हटलं. "एक नंबर होता. ओल नव्हती, कवडी नव्हती. त्या हंगामात तसा कापूस फार थोड्या गाड्यांत आला. वरून सांगणं होतं, एक नंबर द्यायचा नाही. मी दिला नाही. अन् तुला खोटं सांगितलं."

ती तशीच राहिली. निताईला मराठी येत नव्हती, पण त्याने तोंड फिरवून दुसरीकडे पाहायला सुरुवात केली. मग तिने पेटीतून डोकं काढलं. कडेचा लाकडी ठसा तिच्या कपाळावर उमटला होता.

"मी त्याले सगळ्याईसमोर खोटं पाडलं," ती म्हणाली. "मायच्या पोटचा एकच भाऊ."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मले काहून नाई सांगतलं? हुकूम होता म्हनले असते तर मी समजली असती. नोकरी मीही केली."

"आधी भीती वाटली," मी म्हटलं. "मग तू लग्नात बोललीस. त्यानंतर लाज."

"चार वर्सं मी चंद्राले ओवाळलं. तुमी बाजूले उभे राहून पाहून राह्यले होते." ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "तुमाले कसं पाह्यवलं?"



निताईने हळूच विचारलं, "दीदी, उधर और भी अच्छा है. चलेंगे?" आमचा अजून तास बाकी होता. कुसुमने पेटी उचलून डोंगीत ठेवली, पदराने काच पुसली. "नहीं भैया, वापस चलो," ती म्हणाली. "फोन कहाँ से लगता है?"

फोन

बेटावर बाजाराच्या तोंडाशी एसटीडीचं एक खोकं होतं. निताई आम्हाला तिथपर्यंत सोडायला आला. जाताना त्याने माझा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. मी तो ओढून घेतला. त्याला वाटलं असेल, संकोच वाटतोय.

वसंताच्या घरचा नंबर कुसुमला पाठ होता. चार वर्षांत तिने तो कितीदा मनात फिरवला असेल कोण जाणे. तिने आकडे दाबले आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. स्वतः दाराशी उभी राहिली. दुपारची वेळ, तो जेवायला घरी आलेला असणार. फोन त्यानेच उचलला.

"वसंता, मी बोलतो. भाऊजी."

तो म्हणाला, "ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. इथेच आहे." मी ठरवलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, "तुझा कापूस एक नंबर होता. मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या ताईला मी खोटं सांगितलं, तिची काही चूक नाही."

मला वाटलं होतं, तो शिव्या देईल. किंवा जाऊ द्या म्हणेल. मी दोन्हींची तयारी केली होती.

"भाऊजी, माहा कापूस मले नाई समजन काय?" तो सावकाश म्हणाला. "मले त्याच दिवशी मालूम होतं. तुमी आता सांगतलं, बरं केलं. माहं झालं. पन माह्या मांगं दामूची गाडी होती. त्याच्या मांगं अन्नपूर्णाबाई होती, एकटी बाई, तीन दिवस तिथंच बसून. तिच्या गाडीत मी सोता हात घातलता. एक नंबर होता तो. तुमी तिलेही तीनच सांगतला. ती घरी जाऊन म्हने, मलेच पिकवता येत नाई. पुढच्या साली तिनं वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकलं." तो थांबला. "तिले कोन फोन करन?"

 अन्नपूर्णाबाई आठवत नव्हती. तिचा कापूस आठवला. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, हाताला गार लागणारा.

"ताईले द्या," वसंता म्हणाला.

मी रिसीव्हर कुसुमला दिला. "वसंता" एवढं ती म्हणाली आणि दाराकडे पाठ केली.  मी बाहेर येऊन उभा राहिलो.

त्या बेटावर आम्ही आणखी दोन दिवस होतो. काय पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही, कुसुमला विचारा. अन्नपूर्णाबाईचं गाव ढाणकीच्या पुढे आहे. उमरखेडच्या स्टँडवर उतरलो, कुसुमला सामानासकट रिक्षात बसवून दिलं आणि मी ढाणकीची एसटी धरली.